खिडकीतला हात

लेम्पी राउतियोबद्दल चार चांगले शब्द बोलायला बसले, की आधी माझ्या तोंडात शिवी येते. काय करू? इतकी वर्षं त्या बाईनं माझं डोकं खाल्लं आहे.

अपंग मुलांची छोटी पिवळी बस ती चालवायची आणि मी त्या बसवरची मदतनीस. मुलांना वर घ्यायचं, पट्टे बांधायचे, उतरवायचं, घरच्यांच्या हवाली करायचं, हे माझं काम. आणि मी केलेलं प्रत्येक काम पुन्हा तपासायचं, हे लेम्पीनं आपणहून अंगावर घेतलेलं काम. ओडेसा नावाच्या मुलीची व्हीलचेअर वर घेतली की मी चारही कोपऱ्यांचे हुक खुर्चीच्या लोखंडाला अडकवून पट्टे ताणायची. मग लेम्पी ब्रेक ओढून उठायची, गुडघे धरत मागे यायची आणि प्रत्येक पट्ट्याला गाय ओढावी तसा हिसका द्यायची.

"अगं, मी ओढलाय की!"

"तू ओढलास. मी कुठे ओढलाय?"

तोवर बसचे लाल दिवे लुकलुकत असायचे आणि मागे गाड्यांची ही रांग. आमच्याकडे लाल दिवे लागले की कुणी पुढे जाऊ शकत नाही. लाकडाच्या ट्रकवाले भोंगे वाजवायचे. लेम्पी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायची, "घाई असेल तर उडत जा!" आणि शिव्या कुणाला पडायच्या? मला. दुकानात पावभर लोणी घ्यायला गेले तरी कुणीतरी म्हणायचंच, "काय बर्नी, तुमची वरात आज किती वाजता निघाली?"

बरं, बाई सगळ्याच बाबतीत शहाणी असती तर मी ऐकूनही घेतलं असतं. पण हवामानाचा अंदाज तिला थोतांड वाटायचा, दात दुखला तर डिझेलचा बोळा धरायची, आणि पेस्टीत, म्हणजे आमच्या मांस-बटाट्याच्या करंजीत, सलगमाच्या जागी गाजर घालायची. गाजर! आमच्या भागात एवढ्यावरून लग्नं मोडली आहेत.

पण एका गोष्टीत ती पोलादासारखी होती. ती म्हणजे हात.

आमच्या बसमध्ये आयव्हर साल्मी म्हणून एक मुलगा. तिसरीतला, गोरापान, पापण्यासुद्धा पांढऱ्या. बोलत नाही. ऐकतो सगळं, पण मनात असेल तेवढंच. आणि पाण्याचं भयंकर वेड. घर सरोवराच्या रस्त्यावर; दारातून निघालं की रस्ता, रस्त्यापलीकडे सुपीरियर सरोवर. बूट-मोज्यांसकट एकदा गळ्यापर्यंत आत गेला होता, कोळ्यांनी ओढून काढला. म्हणून बसमध्ये त्याला पाठीमागून बंद होणारी पट्ट्याची बंडी घालून सीटला बांधायचं, आणि उतरवताना हातातून हातात द्यायचा. कागदावर नियम एवढाच की 'घरातल्या मोठ्या माणसाच्या ताब्यात द्यावे'. लेम्पीनं त्याचं एक शास्त्रच करून टाकलं होतं.

गाडी थांबली की ती विचारायची, "आयव्हर, हात?" तो उजवा हातमोजा काढायचा, काखेत धरायचा आणि उघडा हात पुढे करायचा. मोजा काढायचं त्यानं स्वतःच ठरवलेलं. लोकरीतून कुणाचा हात आहे ते त्याला कळत नसावं. मी तो हात धरायचा, दारापर्यंत चालत जायचं, त्याच्या मम्मूच्या, म्हणजे आजीच्या हातात तो द्यायचा. मगच आयव्हर पाऊल आत टाकणार. हे घडेपर्यंत त्यानं जागचं हलायचं नाही, हे लेम्पीनं त्याला दोन हिवाळे घोकवलं. सुरुवातीला चावायचा, लाथा मारायचा. मग शिकला, आणि असा शिकला की मी हात सोडून नाक पुसायला थांबले तर तोही थांबायचा, हात पुढे करून.

"तू त्याला पुतळा करून ठेवणार आहेस," मी म्हणायची.

"पुतळे बुडत नाहीत," लेम्पी म्हणायची.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगते. इथे हात हलवणं म्हणजे शब्द दिल्यासारखं असतं. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. नाही उचललं तर तो माणूस दोन दिवस विचार करतो, माझं काय चुकलं म्हणून. आणि बस थांबली, खिडकीतून कुणी हात हलवला, की त्याचा अर्थ: मी आहे घरात, सोडा पोराला. सगळ्या बसवाल्यांचा हाच रिवाज. बर्फात कोण सारखं बाहेर येणार? फक्त लेम्पीला तो चालत नव्हता. बोटही उचलायची नाही कुणाला. निम्मं गाव म्हणूनच तिच्यावर खार खाऊन.

मग त्या हिवाळ्यात आमच्या बसमधली दोन मुलं दुसरीकडे राहायला गेली, एक मोठं होऊन शाळेतून बाहेर पडलं. उरले ओडेसा आणि आयव्हर. वाहतूक खात्याचे साहेब, कर्टिस ब्लूम, यांनी संगणकाला विचारलं, आणि संगणक म्हणाला, दोन मुलांना मदतनीस कशाला? झालं! मला उचललं आणि दुसऱ्या बसवर टाकलं. मी म्हटलं, "साहेब, मुलं बसमध्ये असताना ड्रायव्हरनं बस सोडायची नाही, हा तुमचाच नियम. मग आयव्हरला दारापर्यंत नेणार कोण?"

"त्याची आजी असते ना घरी? ती खिडकीतून हात करेल. सगळीकडे तसंच चालतं."

उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे किती, त्याला काही सुमार?

पहिल्या दिवशी लेम्पी साल्मींच्या टपालपेटीपाशी थांबली. मम्मू, म्हणजे आयव्हरच्या आईची आई आउने, खिडकीत. हात हलवतेय. लेम्पीनं भोंगा वाजवला, म्हणजे बाहेर ये. मम्मू हसली, आणखी जोरात हात हलवला. लेम्पी वाजवतेय, ती हलवतेय. शेवटी लेम्पीनं बस वळवली आणि आयव्हरला परत शाळेत नेऊन बसवलं.

आयव्हरची आई जोलीन वृद्धाश्रमात दुपारपाळीला असते, बाप लाकडाच्या ट्रकवर आठवडा आठवडा बाहेर. जोलीनला काम टाकून यावं लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ती थेट बस डेपोत आली. मी तिथेच बुटांचा बर्फ झटकत होते.

"लेम्पी, तुमचं माझ्याशी काय वाकडं आहे?" जोलीननं विचारलं. "माझी आई घरात होती. खिडकीत होती. तुम्हाला हात करत होती!"

"ती मला रोज हात करते. सकाळी रिकाम्या बसलापण करते. बर्फ काढणाऱ्या ट्रकला करते. काल कुत्र्याला करत होती."

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

मी लेम्पीला डोळ्यांनी खुणावत होते, नीट बोल, जरा गोडीनं बोल. पण गोडी नावाचा पदार्थ त्या बाईच्या घरात कधी शिजलाच नाही.

"म्हणायचं काय? तुझ्या आईचं डोकं ठिकाणावर नाही, पोरी. ती पोराची वाट बघत नाही, ती नुसती हात हलवते."

जोलीनचा चेहरा पांढराफटक पडला. "मी दिवसभर तसल्याच माणसांना भरवते, लेम्पी. त्यांचे लंगोट बदलते. मला कळत नाही का? माझी आई तसली नाही. अजून स्वतः निसूचा गोड पाव भाजते ती. वेलची स्वतः कुटते!"

"मग तिला म्हणावं, चार पावलं चालत ये आणि पोराचा हात धर."

 जोलीनच्या डोळ्यांत मला सगळं दिसलं, आणि खरं सांगते, मला तिचा राग आला नाही, कीव आली. आईचं कबूल करायचं म्हणजे दुपारी पोराकडे कोण बघणार हा प्रश्न आलाच, आणि त्याला तिच्यापाशी उत्तर नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवतेय असं म्हणणं सोपं आहे हो. ती रडत रडत गेली ती सरळ कर्टिस साहेबांकडे.

साहेबांनी लेम्पीला बोलावलं. काय बोलणं झालं ते भिंतीपलीकडून अख्ख्या डेपोनं ऐकलं.

"लेम्पी, तुम्ही एका कुटुंबाचा अपमान केलात."

"मदतनीस परत द्या. मी माफी मागते, पाया पडते, नाचते."

"मदतनीस हिशेबात बसत नाही."

"मग पोरगं बुडेल."

"असं अभद्र बोलू नका!"

"मी बोलू नको, आणि तुम्ही करा!"

निकाल काय लागला? लेम्पीची बस काढून घेतली. तिला दिली हायस्कूलच्या दांडग्या पोरांची मोठी बस, आणि आमची छोटी बस दिली डॅरिलला. चोर सोडून संन्याशाला फाशी! डॅरिल म्हणजे साधा, हसरा पोरगा. गावात सगळ्यांना दोन दोन बोटं उचलून दाखवणारा. लोकांनी निःश्वास टाकला. बस वेळेवर धावू लागली.

लेम्पीनं डॅरिलला गाठून बजावलं, "आयव्हरला हातात दे. हातात. कळलं?" तो म्हणाला, "हो, लेम्पी, काळजी करू नका." कर्टिस साहेबांनी त्याला सांगितलं होतं, वेळापत्रक सांभाळ. आता तो बिचारा कुणाचं ऐकणार?

मीही साहेबांना तीनदा भेटले. दगडावर डोकं आपटलं तर निदान आवाज तरी होतो. ते म्हणायचे, "बर्नडीन, तुमची कळकळ मी समजू शकतो." एवढं म्हणून पुन्हा संगणकात.

फेब्रुवारीतला तो दिवस. थंडी अशी की नाकातले केस कडकडायचे. सरोवर काठापासून पार आतपर्यंत गोठलेलं, पण मधेच काळी भेग. माझी नवी बस गावाच्या दुसऱ्या टोकाला संपते. ती लावून मी माझ्या गाडीनं घरी निघाले. माझं घर साल्मींच्या पुढे, त्याच रस्त्यावर. उजेड मावळत आला होता.

साल्मींच्या खिडकीत दिवा होता आणि मम्मू हात हलवत होती. मी सवयीनं स्टिअरिंगवरचं बोट उचललं. तशीच पुढे निघाले असते. पण टपालपेटीपाशी काहीतरी उभं होतं.

आयव्हर.

रस्त्याकडे तोंड करून उभा. पाठीवर दप्तर, काखेत हातमोजा. उजवा हात पुढे केलेला, उघडा. बस जाऊन किती वेळ झाला होता कुणास ठाऊक; त्याच्या बुटांवर भुरभुर बर्फ साचला होता आणि आजूबाजूला एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. पलीकडे ते सरोवर, ज्याच्यासाठी तो लाथा मारायचा, ते समोर उघडं पडलेलं. तो गेला नाही. जागचा हलला नाही. घर मागे पंचवीसेक पावलांवर, आत दिवा, आत ऊब. तिकडेही गेला नाही.

मी गाडी तशीच रस्त्यात टाकून धावले. हात धरला. तो हात नव्हता हो, फळीतून बाहेर आलेला खिळा होता. मी माझा कोट उघडून तो काखेत दाबला. आयव्हर रडला नाही. हात मिळाल्याबरोबर चालायला लागला, रोजच्यासारखा, दाराकडे. पाय वाकत नव्हते तरी.

दार नुसतं लोटलेलं होतं. कडीसुद्धा नाही! आत स्टोव्ह लाल झालेला, टेबलावर निसू, वेलचीचा घमघमाट.

"अगंबाई, बर्नी! ये ये, कॉफी घे," मम्मू म्हणाली. "थांब हां जरा, बस यायची वेळ झालीय. आमच्या आयव्हरची वाट बघतेय मी."

आयव्हर तिच्या शेजारी उभा होता.

मला ओरडायचं होतं, त्या खिडकीची काच फोडायची होती. पण ओरडणार कुणावर? तिनं तर इतकं प्रेमानं कापून निसूचा तुकडा माझ्या हातात ठेवला होता.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण आठवलं की माझं पित्त खवळतं. दोन बोटांची टोकं काळी पडली. डॉक्टरांनी वाट बघितली, मग काढली. डॅरिल दवाखान्याच्या भिंतीला टेकून हमसाहमशी रडत होता. "ती हात करत होती, बर्नी. शपथेवर सांगतो, ती हात करत होती!" खरंच करत होती. कुणी खोटं बोललंच नव्हतं.

आणि कर्टिस साहेब? त्यांनी बैल गेल्यावर झोपा केला, आणि तोही पुठ्ठ्याचा! सगळ्या घरांना भगव्या रंगाची जाड कार्डं पाठवली. यापुढे म्हणे खिडकीतून हात हलवून चालणार नाही, कार्ड हलवायचं. मी ते कार्ड हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं. मग हसायला लागले आणि हसता हसता मला हुंदका आला. मदतनीस मात्र अजूनही 'हिशेबात बसत नाही'.

साहेबांनी लेम्पीला जुनी बस परत देऊ केली. तिनं किल्ल्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या, शेजारी भगवं कार्ड ठेवलं आणि नोकरी सोडून घरी गेली. मला वाटलं होतं, आता ही गावभर बोंबलत फिरेल, 'मी सांगितलं होतं' म्हणून. तिला तो हक्क होता. पण ती कुणाशी बोलेचना. मी पेस्टी घेऊन तिच्याकडे गेले, मुद्दाम गाजर घालून. तिनं बशीकडे बघितलंही नाही.

"त्याला तू वाचवलंस, लेम्पी," मी म्हटलं. "तू शिकवलं नसतंस तर तो त्या भेगेत गेला असता."

"दोन हिवाळे," ती म्हणाली. "दोन हिवाळे मी त्याला थांबायला शिकवलं, बर्नी. पाठीमागे स्वतःचं घर होतं, दार उघडं होतं. दार ठोठावायला नाही शिकवलं मी त्याला. सुचलंच नाही. गाढव आहे मी, गाढव!"

आणि तिनं टेबलावर मूठ अशी आपटली की बशी खाली पडली.

मम्मूला जोलीननं आपल्याच वृद्धाश्रमात नेलं. आता ती आपल्या आईला भरवते आणि तिथल्या खिडकीतून मम्मू आल्यागेल्याला हात करते. दुपारी आयव्हरकडे कोण बघणार, या प्रश्नाला अखेर लेम्पीच्या रूपानं उत्तर मिळालं, पण ते कुणी कुणाला विचारलं नाही की सांगितलं नाही. जोलीन आणि लेम्पी एकमेकींशी आजही बोलत नाहीत. जोलीन घराची किल्ली टपालपेटीत ठेवते आणि लेम्पी ती घेते, एवढंच.

परवा मी साल्मींच्या घरी गेले होते. डॅरिलची बस आली. लेम्पी पेटीपाशी उभी होती. डॅरिलनं आयव्हरचा हात तिच्या हातात दिला आणि ती दोघं दारापर्यंत आली. मला वाटलं, संपलं. छे! दाराशी येऊन लेम्पीनं त्याला परत फिरवलं, पुन्हा टपालपेटीपाशी नेऊन उभं केलं आणि म्हणाली, "आता तू ये. एकटा. दार ठोठाव. असं. ठक ठक." त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवून हवेत ठोकून दाखवलं. मग त्याचा हात सोडून ती एकटीच घरात आली आणि दार लोटून घेतलं.

"रोज करतेस हे?" मी विचारलं.

"रोज."

"येतो का?"

लेम्पी खिडकीत जाऊन उभी राहिली, मम्मूच्याच जागी, दोन्ही हात खिशात कोंबून. चुकूनसुद्धा हलू नयेत म्हणून असेल. मी तिच्या मागे.

आयव्हर पेटीपाशी उभा होता, घराकडे तोंड करून. एवढा तरी फरक पडला होता.

"ये रे," लेम्पी काचेला पुटपुटत होती. "ये, मेल्या. पंचवीस पावलं आहेत. तुझं घर आहे. ये ना."

तो एक पाऊल पुढे आला. लेम्पीनं काचेला कपाळ टेकवलं. तो थांबला. खिडकीकडे बघितलं. मग सावकाश, नीट, दोन बोटं आखूड झालेल्या त्या उजव्या हाताचा मोजा ओढून काढला आणि काखेत धरला.

"मोजा काढू नकोस, गाढवा!" लेम्पी ओरडली, आणि कोट न घालताच बाहेर धावत सुटली.